निळ्या गवसणीची बॅग

५ जून

टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. दादा अठ्ठावीस तारखेला शाळेतून निवृत्त होतोय, मंचावर सत्कार आहे, आणि "काका, अकरा वर्षं झाली, आता तरी या" असं खाली तू हिरव्या शाईत लिहिलंयस, तेही वाचलं. जमेल असं वाटत नाही. दुकानात कामाचा ढीग पडलाय. तिघांचे सूट आणि एकाच्या सहा पँटी.

दुसरं एक काम होतं. तू विमानतळावर नोकरीला आहेस, तर सामानाचं काही कळतं का तुला? माझी एक बॅग हरवली आहे. दोन तारखेला एका गिऱ्हाइकाकडे विमानाने गेलो होतो. त्याचा कोट होता बॅगेत, अर्धा शिवलेला. कच्चे टाके घालून नेला होता, म्हणजे अंगावर चढवून बघायचा, कुठे ओढतो कुठे ढिला पडतो ते बघायचं, आणि मग पक्का शिवायचा. मी उतरलो, बॅग उतरली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला. मी तिसऱ्या दिवसापासून विमान कंपनीला फोन लावतोय, तर एक बाई गाणं ऐकवते आणि मला तसंही अर्धंच ऐकू येतं. चाळीस वर्षं शिलाई मशीन कानाशी चालवल्यावर दुसरं काय होणार.

म्हणूनच हे पत्र. मी हाताने लिहून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे देतोय, तो त्याचा फोटो काढून तुला पाठवेल आणि तुझं उत्तर छापून मला देईल. तो सगळं वाचतो. मी हटकलं तर म्हणाला, वाचल्याशिवाय पान सुलटं आहे की उलटं ते कसं कळणार. तेव्हा जपून लिही.

कोट महिनाअखेरच्या आत हवा आहे. गिऱ्हाईक जुनं आहे.

काका

६ जून

काका,

सामानाचं काही कळतं का म्हणे! नऊ वर्षं मी तेच करतेय. ज्यांची बॅग पट्ट्यावर येत नाही ते सगळे माझ्या खिडकीपाशी येतात आणि जणू मीच ती ढापली आहे अशा थाटात भांडतात. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी मला सांगितलं की त्यांच्या बॅगेत त्यांचे दात आहेत. तोंडाला रुमाल लावून सांगत होते. दात दुसऱ्या दिवशी मिळाले, आल्या आल्या घातले, आणि मग मला जे काही ऐकवलं ते दात नसताना नीट ऐकवता आलं नव्हतं.

तर आता तुम्ही. कुठल्या विमानतळावर उतरलात? कुठल्या कंपनीचं विमान? बॅग कशी दिसते? वजन किती? बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवलीत ना? त्याचा कागद असेल तुमच्याकडे, त्यावरचा क्रमांक मला कळवा, पुढचं मी बघते. आणि तुम्ही बॅग दिलीत तेव्हा बोर्डिंग पासच्या मागे एक चिकटपट्टी लावून दिली असेल, त्यावरही एक नंबर असतो. तो असला तर निम्मं काम झालं.

झेरॉक्सवाले काका, तुम्हालाही नमस्कार.

बाबांना तुमच्या पत्राबद्दल काही बोलले नाही. कार्ड पाठवलंय हेही त्यांना माहीत नाही.

टाचणी

९ जून

टाचणी,

झेरॉक्सवाला खूश आहे. तुझं पत्र त्याने जाड कागदावर छापलं.

तू विचारलेलं सांगतो. जिथे विमान बदलतात ते मोठं विमानतळ आहे ना, काचेचं, तिथे उतरलो. गिऱ्हाईक तिथेच राहतं. तक्रार नोंदवली नाही. रांग मोठी होती, आणि मला ताटकळत उभं राहायला वेळ नव्हता.

बॅग हरवणार नाही याची मी पुरेपूर काळजी घेतली होती. मी तिला गवसणी शिवली होती. गडद निळी, जाड कापडाची, कडेने पांढरी दुहेरी शिलाई, चार कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, हातात धरायला कापडाचीच मूठ, खाली बटणं. काजं हाताने केलेली आहेत. विमानतळावरच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, कुठे विकत मिळते? हजार बॅगांत एक ओळखू येईल. तुझ्या माणसांना एवढंच सांग.

खरं तर मला ती खाली द्यायचीच नव्हती. कोट कुणी खाली देतं का? सोबत घेऊन बसणार होतो. पण बॅगेत माझी कात्री होती. तपासणीवाला म्हणाला, कात्री वर चालणार नाही. मी म्हटलं, अरे बाबा, मी शिंपी आहे. तो म्हणाला, आजोबा, कात्रीला ते माहीत नाही. मग एक तर कात्री तिथल्या डब्यात टाकायची नाहीतर बॅग खाली द्यायची. ती कात्री बत्तीस वर्षं माझ्या हातात आहे, तुला आठवत असेल, तुला हात लावू द्यायचो नाही ती. मुकाट्याने मागे फिरलो आणि बॅग दिली.

काका

११ जून

काका,

आजोबा म्हणाला का तो तुम्हाला? बरं झालं मी तिथे नव्हते, नाहीतर हसून हसून नोकरी गेली असती.

आता मी रागावणार आहे, झेरॉक्सवाल्या काकांनी पुढचे दोन परिच्छेद हवं तर वाचू नयेत.

बॅग आली नाही तर सामानाच्या दालनातून बाहेर पडायच्या आधी तक्रार लिहून द्यायची असते. रांग मारुतीच्या शेपटीएवढी असली तरी. ते एक पान म्हणजे बॅग कंपनीच्या ताब्यातून तुमच्यापर्यंत पोचली नाही याचा पुरावा. तो नसेल तर कंपनी खुशाल म्हणू शकते, तुम्ही बॅग घेतलीत, घरी नेलीत आणि आता आम्हाला सांगताय. बॅग फाटून-तुटून आली तर सात दिवसांत लिहून कळवायचं. उशिरा आली तर हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत. आणि यायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवस झाले तरी आलीच नाही, तर ती हरवली असं धरतात आणि भरपाई मागता येते. तुमचे एकवीस दिवस तेवीस जूनला संपतात. तेवीसनंतर कंपनी तुम्हाला भरपाईचा अर्ज देईल आणि शोधणं हळूहळू थांबवेल. हे कुणी तोंडाने कबूल करत नाही, पण मी नऊ वर्षं बघतेय. आणि भरपाईलाही मर्यादा असते. आत मोलाची वस्तू असेल तर बॅग देतानाच तसं लिहून द्यावं लागतं. तुम्ही अर्थातच दिलं नसणार.

एवढं सगळं प्रत्येक तिकिटावर छापलेलं असतं, काका. तुम्ही कापडाची किनार भिंग लावून बघता, आणि तिकीट वाचत नाही!

काचेच्या विमानतळावर माझी एक मैत्रीण आहे. तिने तीन गोदामं पालथी घातली. निळ्या गवसणीची बॅग तिथे नाही. त्या चिकटपट्टीचा नंबर पाठवा. तो नसेल तर सोबतचा कागद सही करून पाठवा, म्हणजे तुमच्या वतीने मला कंपनीची नोंद बघता येईल. दुसऱ्या कुणाचीही माहिती मला अशी बघता येत नाही, तुम्ही माझे काका असलात तरी.

घरी बरं आहे. बाबांनी अठ्ठावीससाठी तयार कोट आणलाय, राखाडी. काल आरशासमोर उभे राहून उजवा खांदा वर ओढत होते. मी दारात आहे हे लक्षात आल्यावर म्हणाले, चाळीस वर्षं पोरांकडे पाठ करून फळ्यावर भूमितीच शिकवली, आता एक दिवस तोंड करून उभं राहायचंय. माझ्या लग्नात हॉलभर माणसांसमोर तुम्ही बाबांना म्हणालात, "या पाठीवर तयार कोट म्हणजे खुंटीला टांगलेला कोट." तेव्हापासून हे घर तुमचं नाव घेत नाही. मी दोघांवर रागावले होते. तुमच्यावर जास्त, खरं सांगते. पण काल तो राखाडी कोट बघितला आणि वाटलं, बोललात ते वाईटच, पण कोट खरंच तुम्हीच शिवायला हवा होता.

टाचणी

१४ जून

टाचणी,

झेरॉक्सवाल्याने दोन्ही परिच्छेद वाचले. वर म्हणाला, तुमची पुतणी बरोबर बोलते.

चिकटपट्टीचं सांगतो आणि तू डोक्याला हात लावणार हे मला माहीत आहे. ती पट्टी माझ्याकडे नाही. खिडकीतल्या मुलीने दिली, मी हातात घेतली, आणि बॅग पट्ट्यावर जायच्या आत टाचणीने गवसणीलाच टोचून टाकली.

हसू नकोस. आमच्या दुकानात कापड आलं की नंबराची चिठ्ठी कापडाला टोचायची, हे बत्तीस वर्षं हाताला लागलेलं आहे. कापड आणि चिठ्ठी वेगळी झाली की एकाची पँट दुसऱ्याच्या घरी जाते. दुसरा तुकडा गिऱ्हाइकाने न्यायचा असतो, हे मला का कळत नाही? पण मी जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलोय. त्या दिवशी मी गिऱ्हाईक आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. टाचणी टोचल्यावर मला उलट बरं वाटलं की आता नंबर कुठे जात नाही. आता नंबर आणि गवसणी दोघं एकत्रच फिरत असतील कुठेतरी.

तुझ्या कागदावर सही करून पाठवतोय. बारीक अक्षर आहे, चष्मा दुकानात राहिलाय, वाचलेलं नाही.

भरपाई मला नको. त्या कापडाची भरपाई होईल, कोटाची कशी करणार? तो एकाच अंगावर बसणारा आहे, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. अठ्ठावीसच्या आत मिळाला तर मिळाला, नाहीतर मिळून तरी काय.

त्या राखाडी कोटाबद्दल मी काही बोलणार नाही. बोलून एकदा तोंड पोळलंय. फक्त एवढं विचार की उजव्या खांद्याखाली पाठीत आडवी सुरकुती पडते का. पडत असेल तर दादाने वरचं बटण लावू नये. मी सांगितलं असं सांगू नकोस. आणि राखाडी कशाला? त्याला गडद रंगच शोभतो.

काका

१६ जून

काका,

तुमच्या सहीच्या कागदावर कंपनीने मला नोंद दाखवली.

प्रवासी एक, बॅग एक, वजन अकरा किलो. काचेच्या विमानतळावर फक्त विमान बदललंत. दोन जूनला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही इथे उतरलात. आमच्या गावात. माझ्या विमानतळावर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परत गेलात.

"गिऱ्हाईक तिथेच राहतं." आठ दिवस मी माझ्या मैत्रिणीला भलत्याच गोदामातून फिरवतेय! ती बिचारी शिडीवर चढून बघत होती. आपल्या माणसाशी असं वागतात का? आणि अठ्ठावीस तारीख तुमच्या पत्रात कुठून आली? आधी तर महिनाअखेर म्हणत होतात.

दोन जूनला दुपारी मी कामावर होते, काका. बॅग न आलेला प्रत्येक माणूस माझ्या खिडकीपाशी येतो. तुम्ही का नाही आलात? रांग मोठी होती हे मला सांगू नका, त्या दिवशी रांगेत जेमतेम सहा माणसं होती. मी नोंदवही बघितली.

कोट कुणाचा आहे ते मला आता विचारायचं नाही, ते कळलंय. बाकीचं तुम्ही सांगा. झेरॉक्सवाल्याला मध्ये न घेता सांगा.

टाचणी

१७ जून
(कुरियरने, बंद पाकिटात)

टाचणी,

झेरॉक्सवाल्याला सांगितलं की आज पत्र नाही. त्याचा चेहरा पडला. पाकिटाला मी डिंक लावून वर टाकाही घातलाय.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी कापड काढलं. काळ्याकडे झुकणारं निळं आहे, तीन वर्षं कपाटात होतं. माप माझ्या वहीत आहे, पण वही उघडली नाही. दादाची पाठ मला हाताने ठाऊक आहे. लहानपणी तो आजारातून उठला आणि उजवीकडे वाकला, तेव्हापासून शाळेतली पोरं हसायची. माझा पहिला सदरा मी बारा वर्षांचा असताना त्याच्यासाठी शिवला, उजव्या खांद्यात कापूस भरून. तो घालून गेला त्या दिवशी कुणी हसलं नाही. घरी येऊन त्याने सदरा नीट घडी घालून ठेवला. मी शिंपी झालो तो त्या दिवशी.

आणि तुझ्या लग्नात तो दुकानातून तयार कोट घालून आला. मला विचारलंसुद्धा नाही. नंतर कळलं की मला लग्नाच्या गडबडीत आणखी काम नको म्हणून विकत आणला. पण तोवर माझ्या तोंडून निघून गेलं होतं. ज्या पाठीवर कुणी हसू नये म्हणून मी सुई धरली, त्या पाठीवर दोनशे माणसांसमोर मीच हसलो. टाचणी, मला त्याची लाज वाटते. अकरा वर्षं वाटते. पत्र लिहून माफी मागावी तर काय लिहू? मला लिहिता येत नाही, शिवता येतं.

म्हणून ठरवलं, कोट घेऊन दारात उभं राहायचं. काही बोलायचं नाही. "घालून बघ" एवढंच म्हणायचं. कोट अंगावर चढला की टाचण्या लावता लावता मला बोलता आलं असतं. तोंडात टाचण्या असल्या की मी बरा बोलतो.

बॅग आली नाही. मी रांगेत उभा राहिलो, तुला खोटं वाटेल, पण उभा राहिलो. माझ्यापुढे एक बाई होती, तिच्यापुढे एक म्हातारा. बाई बाजूला झाली आणि खिडकीत तू होतीस. तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण त्या म्हाताऱ्याशी तू मान तिरकी करून बोलत होतीस, दादासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं तुला. तू मला ओळखलं असतंस, तिथून ओढत घरी नेलं असतंस, आणि मी दादासमोर रिकाम्या हाताने उभा राहिलो असतो. कोट नाही, माफी नाही, नुसता मी. तेवढं धैर्य मला झालं नाही. मी रांगेतून बाहेर पडलो. बाहेर एका बाकावर बसलो, जवळच्या लॉजवर झोपलो आणि सकाळी परत आलो.

"सामानाचं काही कळतं का तुला" असं मी पत्रात विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तेवढं ढोंग माफ कर. तुझ्या मैत्रिणीची माझ्या वतीने क्षमा माग.

आता बॅग मिळाली नाही तरी चालेल असं मी म्हणणार होतो. पण खरं तसं नाही. मिळायला हवी.

काका

२१ जून

काका,

बॅग मिळाली. आधी हे वाचा, पाणी प्या, मग पुढचं.

तुमचं पत्र मी सामानाच्या खोलीत खोक्यावर बसून वाचलं आणि मग तिथेच डोळे पुसून कामाला लागले. बॅग आमच्याच विमानतळावर यायची होती, तर आधी इथेच शोधायला हवं. पण निळी गवसणी इथेही नव्हती. मग डोक्यात प्रकाश पडला. काका, तुम्ही मला दरवेळी गवसणीचं वर्णन केलंत! कापड, शिलाई, चामडं, काजं, सगळं. आतली बॅग कशी आहे ते एकदाही सांगितलं नाहीत. आणि त्या मुलीने कंपनीचा टॅग बांधला तोही तुमच्या गवसणीच्या कापडी मुठीला. म्हणजे टॅग गवसणीवर, तुमची पट्टी गवसणीवर. वाटेत कुठल्या तरी पट्ट्यात अडकून गवसणीच निघून गेली असेल, तर बॅग इथे उघडीबोडकी आली असणार, ना नंबर ना नाव.

अशा बिननावाच्या बॅगा माझ्या खुर्चीमागच्या फडताळावर ठेवतात. पाच दिवसांत कुणी विचारलं नाही तर उघडून आतल्या वस्तूंची यादी करतात. तुमची तपकिरी बॅग दोन जूनपासून माझ्या पाठीमागे होती. अठरा दिवस. मी तिच्याकडे पाठ करून तुम्हाला पत्रं लिहीत होते.

यादी माझ्या सहकाऱ्याने केली आहे, अशी: "मोठी कात्री एक. खडू तीन. मापाची फीत एक. पुरुषाचा कोट एक, अर्धवट, सदोष, एका खांद्यात भरणा जास्त." खाली सात जूनची सही आहे. माझी. रोज वीस याद्या असतात, मी न वाचता सही करते. तुम्ही तिकीट वाचत नाही म्हणून मी तुम्हाला केवढं झापलं! आता मला झापा.

मी कोट बाहेर काढला आणि उजव्या खांद्यात हात घातला. तिथेच रडले. सहकारी म्हणाला, काय झालं, कुणाचा आहे? मी म्हटलं, माझ्या बाबांचा. तो म्हणाला, अगं पण यात दोष आहे. मी म्हटलं, नाही रे, तो अगदी बरोबर आहे.

सगळे कागद रीतसर भरले, तुमच्या वतीने सही करून बॅग ताब्यात घेतली. एकवीस दिवसांच्या आत, तीन दिवस राखून.

आणि मग मी तुम्हाला न विचारता एक केलं. काल बॅग घरी नेली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि तुमचं बंद पाकिटातलं पत्रही बाबांपुढे ठेवलं. रागावायचं असेल तर रागवा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कोट घेऊन गेले. सोबतचं पत्र त्यांनी आज संध्याकाळी माझ्याकडे दिलं. मी न वाचताच त्याचा फोटो पाठवतेय.

टाचणी

२१ जून

धाकट्या,

तुझा कोट घालून पाहिला. खांदा बरोबर आहे. पाठीत ओढतो. अकरा वर्षांत मी आणखी वाकलो आहे, ते तुला तिथे बसून कसं कळणार. डाव्या बाहीची लांबी मी पट्टीने मोजली, अर्धा सेंटीमीटर जास्त आहे.

त्या दिवशी तू म्हणालास ते खरं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. तू म्हणालास म्हणून लागलं. त्या सदऱ्याचं तुला आठवतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं फक्त मलाच आठवतं. तो माझ्याकडे आहे अजून.

सकाळी कोट इथल्या एका शिंप्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून बघितला, आतली शिलाई बघितली, आणि म्हणाला, ज्याने कापलाय त्यालाच बोलवा, मी याला हात लावणार नाही. राखाडी कोट दुकानात परत केला. दुकानदाराने पावती मागितली. माझ्याकडे होती. मी पावत्या कपड्यांना टोचत नाही.

तेव्हा आता ऐक. अठ्ठावीसला मी तुझाच कोट घालून मंचावर चढणार आहे. तू आलास तर शिवलेला. नाही आलास तर कच्च्या टाक्यांसकट, पांढरे दोरे लोंबत असलेला. तीनशे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप असतील. कुणी विचारलं की कोट कुणी शिवला, तर मी तुझ्या दुकानाचा पत्ता सांगेन.

दादा

२२ जून

दादा,

कोटाला हात लावू नकोस. रुंद हँगरवर टांग, कपाटात नको, मोकळ्या जागी. इस्त्री तर अजिबात करू नकोस. टाक्यांचे दोरे ओढू नकोस. परत घालूनही बघू नकोस.

झेरॉक्सवाल्याने तिकीट काढून दिलं, चोवीसचं. तुझं पत्र त्यानेच छापलं, आणि वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कागदावर पडू दिलं नाही.

पाठीच्या मधल्या शिवणीत मी दोन बोटं कापड जास्त सोडलेलं आहे. उसवून बघ, नाही, उसवू नकोस, मी येऊन उसवतो. तू आणखी वाकला असशील हे मी कापतानाच धरलं होतं. बाहीचं मात्र तुझं बरोबर आहे, अर्धा सेंटीमीटर माझी चूक.

या वेळी खाली द्यायला सामान काहीच नाही. कात्री तिकडेच आहे. टाचणीला सांग की उतरल्यावर मी तिच्या खिडकीपाशी येतो. माझं काही हरवलेलं नसलं तरी रांगेत उभा राहीन, माझी पाळी येईपर्यंत.

धाकटा